नेपाळची वीज बांगलादेशात पोचते, मग आमच्या वावरावरून जाणारी लाईन आमाले उजेड काऊन देत नाही?

धुऱ्यावरचा_कास्तकार

राजेहो, लिहायले थोडं जास्त होईन, पण कोणी नीट समजावून सांगा. आमच्या शेजारचं पोट्टं टॉवरलाईनच्या गँगमधे हाये, त्या गोरखपूरकडं काम चालू हाये, नेपाळातल्या बुटवलले जोडणारी ४०० केव्हीची, म्हणजे चार लाख व्होल्टची, लाईन. त्यानं परवा फोनवर सांगतलं का नेपाळची वीज आपल्या देशातून होऊन पार बांगलादेशात विकल्या जाते. मी हे पानठेल्यावर काढलं अन् तिथं दोन पार्ट्याच पडल्या. एक म्हणे मधात अख्खा बिहार-बंगाल पडते, नेपाळचीच वीज तिकडं गेली हे ओळखाचं कसं, तिच्यावर शिक्का असते का. दुसरी म्हणे हे सगळं आपल्याच विजेचं हाये, बाहेर विकतेत म्हणून आपल्याले मोटार रात्रीच्या पाळीत चालवा लागते, डुकराच्या अन् सापाच्या भेवानं हातात टॉर्च घेऊन.

मले इचारावं वाटलं कारण आमच्या शिवारातूनही एक मोठी लाईन येऊन राहिली. सर्वेवाले आले, धुऱ्यावर चुन्याच्या खुणा केल्या, लाल रंगाची खुंटी ठोकली अन् चालले गेले. कुठून कुठं जाते म्हटलं तर "काका, आमाले एवढंच सांगतलं". बरोबर संत्र्याच्या बागेतून जाते, आंबिया बहार लागून हाये झाडाले. आता दोन देशाच्या मधात लाईन टाकतेत तवा तिथल्या कास्तकाराचं काय करतेत? तिथं तर दोन सरकारं, दोन कायदे. अन् खालच्याले वीज भेटते का नाही, का नुसता टॉवर पाहत बसाचं?

चिखलदरा_एक्सप्रेस

तुमच्या पानठेल्यावर आंतरराष्ट्रीय विषय चालतेत राजेहो. आमच्याइथं डीपी कोणाच्या वावरात बसवाची यावर भावकीचं भांडण अजून मिटलं नाही 😄

रिटायर्ड_सबस्टेशन

कास्तकार भाऊ, प्रश्न चांगला आहे, थोडं सविस्तर लिहितो.

पहिल्या पार्टीला सांगा, शिक्का नसतोच. नेपाळच्या ढल्केबर सबस्टेशनपासून बिहारमधल्या मुझफ्फरपूरपर्यंत ४०० केव्हीची डबल सर्किट (एकाच टॉवरवर तारांचे दोन संच) लाईन आहे, सुमारे १३० किलोमीटरची. २०१६ मध्ये चालू केली तेव्हा ती १३२ केव्हीवरच चालवली, कारण पलीकडे मोठं सबस्टेशन तयार नव्हतं, मग २२० आणि २०२० मध्ये पूर्ण ४०० वर आली. दुसरीकडे बंगालमधल्या बहरामपूरहून बांगलादेशातल्या भेरामाऱ्याला लाईन जाते, ती २०१३ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, आधी ५०० मेगावॅट, २०१८ मध्ये आणखी ५००. आता नेपाळनं मुझफ्फरपूरला ४० मेगावॅट टाकले, तिथल्या मीटरवर नोंद झाली, आणि त्याच वेळी भेरामाऱ्याकडे ४० मेगावॅट जास्त सोडले की झाला सौदा. तीच वीज गेली की दुसरी हे कोणी पाहत नाही, पाहता येतही नाही. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यात कोणी किती टाकली, कोणी किती ओढली याचा हिशेब होतो. नेपाळ-भारत-बांगलादेश असा तिघांचा करार ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला, १५ नोव्हेंबरला पहिल्यांदा वीज गेली. दर युनिटला ६.४ अमेरिकन सेंट. आकडा लहान आहे, पण दोन देशांच्या मधे तिसऱ्याची ग्रीड, म्हणजे विजेच्या तारांचं जाळं, वापरून व्यवहार या भागात आधी झाला नव्हता.

दुसऱ्या पार्टीला सांगा, ४० मेगावॅट म्हणजे काय ते बघा. आपल्या कोराडीचा एक मोठा संच ६६० मेगावॅटचा आहे.

झाडीपट्टी_वाला

काका, भेरामाऱ्याला ती एचव्हीडीसी की काय लावली असं वाचलं होतं. नेपाळले नाही लावली, बांगलादेशलेच काऊन?

रिटायर्ड_सबस्टेशन

हे विचारलंत ते बरं झालं, कारण याचं उत्तर आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातच आहे.

एका ग्रीडमधली सगळी जनरेटरं एकाच चालीनं चालावी लागतात, विजेची सेकंदाला ५० आवर्तनं. एका जुवाला जुंपलेले बैल समजा, एकानं पाय ओढला की दुसऱ्याला झटका बसतोच. नेपाळ आणि भूतानची ग्रीड आपल्यासोबत अशीच एका चालीत आहे, साध्या एसी (दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहाच्या) लाईनवर. बांगलादेशची चाल वेगळी ठेवली आहे. म्हणून भेरामाऱ्याला एसीची डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) करायची आणि त्याच आवारात परत एसी करायची, याला बॅक-टू-बॅक एचव्हीडीसी म्हणतात. मग किती मेगावॅट पाठवायचे ते आपण ठरवतो, त्यांच्याकडची गडबड आपल्या अंगावर येत नाही.

आता भद्रावतीचं असंच बॅक-टू-बॅक स्टेशन आठवा. १९९७-९८ मध्ये सुरू झालेलं, ५००-५०० मेगावॅटचे दोन ब्लॉक. ते कशाला बांधलं? कारण तेव्हा आपली पश्चिमेची ग्रीड आणि रामगुंडमकडची दक्षिणेची ग्रीड वेगवेगळ्या चालीनं चालायची. एकाच देशात, मधात फक्त वर्धा-गोदावरीचा पट्टा, पण विजेच्या दृष्टीनं सीमारेषाच! दक्षिण ग्रीड बाकी देशाला थेट जोडल्या गेली ती ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर-सोलापूर लाईनवर. म्हणजे बांगलादेशची तार आपण ऑक्टोबरात जोडली आणि आपल्याच दक्षिणेची एसी तार त्यानंतर अडीच-तीन महिन्यांनी. मला ही गोष्ट कायम मजेशीर वाटत आली आहे.

आणि बॅक-टू-बॅक लावलं म्हणजे सगळं सुरक्षित असंही नाही. १ नोव्हेंबर २०१४ ला भेरामाऱ्याचं स्टेशन ट्रिप झालं, चारशेच्या वर मेगावॅट एका झटक्यात गेले आणि अख्खा बांगलादेश अंधारात गेला. आपल्याकडे काही जाणवलं नाही, त्यांच्याकडे मात्र त्या मेगावॅटची जागा घ्यायला मागं काही उभं नव्हतं.

रोखठोक_अकोला

काका माहिती छान पण मूळ मुद्दा बाजूला राहिला. आम्ही कोळशाची राख खायची, चंद्रपूर-कोराडी-पारस सगळं विदर्भात, उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर, आणि वीज विकायची परदेशात? झारखंडातल्या गोड्ड्याला तर १६०० मेगावॅटचा अख्खा प्लांटच बांगलादेशसाठी उभा केला. वरून त्यांच्याकडं पैसे थकले. आधी घरच्यांना द्या मग शेजाऱ्याला.

रिटायर्ड_सबस्टेशन

राखेचा मुद्दा शंभर टक्के मान्य, त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो. पण वीज कमी पडते ती यामुळे नाही. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटवर गेली होती, म्हणजे अडीच लाख मेगावॅट. बांगलादेशला भेरामाऱ्याचे १०००, त्रिपुरातून कोमिल्ल्याकडे १६० आणि गोड्डा असं सगळं धरलं तर अडीच हजाराच्या वर थोडं. शेकड्याला एक पडतं.

गोड्ड्याची गंमत अशी की तो प्लांट भारतात असून भारताच्या ग्रीडला जोडलेलाच नव्हता, त्याची लाईन सरळ सीमेपलीकडे. ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशात सरकार पडलं, त्याच महिन्यात आपल्याकडे नियम बदलून अशा प्लांटला देशात वीज विकायची मुभा दिली. पण मुभा दिली म्हणून तार आपोआप जोडल्या जात नाही. एकाच गिऱ्हाईकाच्या भरवशावर लाईन टाकली की असं होतं. थकबाकीवरून नोव्हेंबर २०२४ मध्ये पुरवठा निम्म्यावर आणला होता.

कोथरूडचा_बंडू

मूळचा कारंजा लाडचा, आता पुण्यात. यात नेपाळचा फायदा काय? ते तर एकेकाळी आपल्यापेक्षा अंधारात होते ना?

रिटायर्ड_सबस्टेशन

हो, एकेकाळी तिथं हिवाळ्यात दिवसाला सोळा-सोळा तास लोडशेडिंग असायचं. त्यांचे बहुतेक प्रकल्प नदीच्या वाहत्या पाण्यावर, मोठी धरणं नाहीत. पावसाळ्यात वीज उतू जाते, हिवाळ्यात नद्या आटल्या की कमी पडते. म्हणून पावसाळ्यात विकतात आणि हिवाळ्यात आपल्याकडून घेतात, दोन्ही त्याच तारेवरून. २०२१ च्या नोव्हेंबरात त्यांनी आपल्या वीज बाजारात पहिल्यांदा ३९ मेगावॅट विकले. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १०,००० मेगावॅट घ्यायचा करार झाला. यात एक मेख आहे, चीनचा पैसा किंवा चिनी ठेकेदार लागलेल्या प्रकल्पाची वीज आपण घेत नाही. तारेला राजकारण चिकटतंच, ते भूतानच्या बाबतीत कमी आहे एवढंच. चुखा, ताला, मांगदेछू हे आपल्याच पैशातून उभे राहिले आणि तिथली जास्तीची वीज आपल्याकडेच येते.

अँगल_टॉवर

मी त्याच लाईनीच्या धंद्यात, सध्या घरी आलो म्हणून वाचून राहिलो. काका वरचं सांगतेत, मी खालचं सांगतो.

नेपाळ बॉर्डरवर 'दशगजा' म्हणतेत ते मोकळी पट्टी असते, मधात सिमेंटचे पांढरे पिलर, 'जंगे पिलर' म्हणते तिकडचे लोकं. त्या पट्टीत टॉवर नाही टाकता येत, बकऱ्या चारतेत तिथं लोकं. आपल्या बाजूचा शेवटचा टॉवर आपली कंपनी टाकते, त्याइच्या बाजूचा पहिला ते टाकतेत, मधातून फक्त तार जाते. मुझफ्फरपूरच्या लाईनीतही आपल्या हद्दीतली कंपनी वेगळी अन् नेपाळातली वेगळी. दोन्हीकडच्या सर्व्हेवाल्याचे आकडे एकमेकाले जुळले नाही तर शेवटच्या दोन टॉवरची लाईन वाकडी येते, मंग अँगल टॉवर टाका, पैसा वाढवा. म्हणून कामाच्या आधी दोघांचे इंजिनीअर एकाच वावरात उभे राहून पॉइंट घेतेत.

बाकी काम सगळीकडं सारखंच हाये. फाउंडेशनचा खड्डा, स्टब (टॉवरच्या पायाचा जमिनीतला तुकडा) बसवाचा, काँक्रीट पिकलं का मंग टॉवर चढते. चढणारी पोरं बहुतेक बंगालातल्या मालद्याची, त्याइच्यासारखं कोणी चढत नाही, चाळीस मीटरवर बसून बिडी पेटवतेत. तारेचे नावं सगळे जनावराचे. १३२ ले पँथर, २२० ले झेब्रा, ४०० ले मूस. मूस मनगटाएवढी नाही पण अंगठ्यापेक्षा जाड, मधात पोलादाच्या सात तारा अन् भवताल ॲल्युमिनियमच्या चोपन, मीटरले दोन किलो वजन. दोन टॉवरमधे चारशे मीटर गाळा धरला तर एकच तार आठशे किलो, अन् अशा एकेका फेजले दोन-दोन, चार-चार. ते हातानं नाही ओढत, एका बाजूनं पुलर ओढते, दुसऱ्या बाजूनं टेन्शनर धरून ठेवते, जमिनीले लागू नाही द्यायची, ओरखडा पडला का रात्री तिथं निळं जळते अन् कुरकुर आवाज येते.

कास्तकार भौ, तुमच्या वावरातली लाईन कितीची हाये ते सर्व्हेवाला नाही सांगत ना? काम चालू झाल्यावर तार ज्याले लटकते त्या चिनीमातीच्या ताटल्या, म्हणजे इन्सुलेटर, मोजा. १३२ ले नऊ-दहा, २२० ले तेरा-चौदा, ४०० ले तेवीसच्या आसपास. आजकाल काही ठिकाणी रबरी एकसंध इन्सुलेटर लावतेत, तिथं हे नाही चालत.

धुऱ्यावरचा_कास्तकार

भौ हे मस्त सांगतलं. पण मले ताटल्या मोजत बसाची वेळ येण्याच्या आधी माहीत पाह्यजे. अन् तिकडच्या कास्तकाराचं?

अँगल_टॉवर

तिकडं तर आपल्याहून जास्त बोंब. नेपाळात खिमती ते ढल्केबर म्हणून २२० ची लाईन होती, सिंधुली जिल्ह्यातल्या लोकाइनं अडवली, कैक वर्षं टॉवर उभे अन् तार नाही. ते २०१७ मधे पुरी झाली. म्हणजे पाहा, दोन देशाची लाईन २०१६ मधे चालू झाली अन् तिच्यामागची देशातली लाईन गावाइनं रोखून धरली होती. बॉर्डर ओलांडाले एवढा टाइम नाही लागत, मंत्री-संत्री सही करतेत. अडते ते कोणाच्या बांधावर.

माहेर_मोर्शी

दादा, तुमचा खरा प्रश्न मला इथं दिसतो म्हणून लिहिते. माझ्या माहेरी बागेतून लाईन गेली, तेव्हा वडिलांना काहीच माहीत नव्हतं, कंपनीचा माणूस आला, झाडं मोजल्यासारखं केलं, कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन गेला आणि नंतर हातात आलेला आकडा पाहून आई दोन दिवस जेवली नाही.

आधी समजून घ्या की जमीन ते विकत घेत नाहीत. सातबाऱ्यावर नाव तुमचंच राहतं. १८८५ चा तार कायदा आणि २००३ चा वीज कायदा, या जोरावर त्यांना तार टाकायचा अधिकार मिळतो, भरपाई द्यावी लागते पण तुमची संमती नसली म्हणून काम कायमचं थांबत नाही, जिल्हाधिकारी हरकत दूर करायचा आदेश देऊ शकतो. भरपाई पटली नाही तर जिल्हा न्यायालयात जाता येतं. हे दुसरं कोणी सांगत नाही.

भरपाई दोन गोष्टींची वेगवेगळी. एक टॉवरच्या चार पायांमधल्या जागेची, दुसरी तारेखालच्या पट्ट्याची. केंद्राच्या २०१५ च्या सूचनेत टॉवरच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के होतं. जून २०२४ मध्ये ते टॉवरला २०० टक्के आणि पट्ट्याला ३० टक्के केलं. पण राज्यानं आपला जीआर काय काढला आहे आणि तुमच्या लाईनला कोणता लागतो ते प्रांताच्या ऑफिसातून लेखी घ्या, तोंडी नको. पीक आणि झाडांची नुकसानभरपाई याच्यावर वेगळी असते.

आता पट्टा बघा किती मोठा. ४०० केव्हीच्या डबल सर्किटला ४६ मीटर रुंदी धरतात. तुमच्या वावरातून शंभर मीटर लाईन गेली तर ४,६०० चौरस मीटर, म्हणजे एकराच्या वर जागा. संत्र्याची लागवड वीस बाय वीस फुटांवर असते, हेक्टरी २७७ झाडं, म्हणजे या पट्ट्यात सव्वाशेच्या वर झाडं आली! कपाशी, तूर, सोयाबीन खाली घेता येतं, पण संत्र्याचं झाड पाच मीटर सहज जातं आणि तारेचा झोळ मधोमध जमिनीपासून नऊ मीटरवर सुद्धा येऊ शकतो, तारेपासून झाड साडेपाच मीटर लांब पाहिजे. मग मधली झाडं छाटा नाहीतर काढा. पैसे एकदाच मिळतात, बाग मात्र वीस-पंचवीस वर्षं देणारी असते. म्हणून झाडं 'लहान-मोठी' अशी मोजू देऊ नका, वयानुसार आणि फळावर आहेत की नाही असं पंचनाम्यात लिहून घ्या, कृषी अधिकारी हजर असताना.

रोखठोक_अकोला

ताई, अगदी बरोबर. माझ्या मामाच्या वावरात टॉवर आहे, त्या चार पायांत ट्रॅक्टर वळत नाही, डवरणी बैलानंच करावी लागते, त्याचा हिशेब कोणत्याच जीआरमध्ये नाही.

चिखलदरा_एक्सप्रेस

अन् पावसात टॉवरजवळचं काटेरी तारेचं कुंपण झिणझिण करते, आमच्या बुढ्याले वाटे भूत हाये.

अँगल_टॉवर

भूत नाही बे, इंडक्शन. कुंपण लाईनीच्या बरोबरीनं लांबवर गेलं असन तर त्यात करंट उतरते, ठिकठिकाणी अर्थिंग करून द्या लागते. ४०० च्या खाली ट्यूबलाईट हातात धरली तर मंद पेटते, पोरं व्हिडिओ काढतेत. करू नका.

धुऱ्यावरचा_कास्तकार

ताई, बहीण समजून इचारतो, हे सगळं मले कोणीच सांगतलं नव्हतं. आता राहिला शेवटचा, पानठेल्यावाला. एवढी वीज डोक्यावरून जाते तर त्यातूनच एक डीपी बसवून आमच्या मोटारीले द्या ना, त्याले काय अडचण?

रिटायर्ड_सबस्टेशन

४०० केव्ही सरळ डीपीवर उतरत नाही हो भाऊ. ४०० ची २२० किंवा १३२, तिथून ३३, मग ११, आणि ११ केव्हीची तुमच्या डीपीत ४४० व्होल्ट होते. प्रत्येक पायरीला सबस्टेशन लागतं. ४०० चं एक सबस्टेशन म्हणजे शेकडो कोटींचा विषय, ते तुमच्या गावासाठी होत नाही, अख्ख्या भागासाठी होतं. तुमची मोटार बंद राहते ती वीज नाही म्हणून क्वचितच, जास्त वेळा ११ केव्हीचा फीडर (सबस्टेशनहून गावाकडे येणारी लाईन) ओव्हरलोड असतो, डीपी जळालेली असते, नाहीतर रात्रीची पाळी असते. वरची लाईन मजबूत करायला केंद्र, राज्य, परदेशी बँका सगळे पैसे लावतात, खालच्या ११ केव्हीच्या वाकलेल्या खांबांकडे बघायला कोणी येत नाही. नोकरीत असतानाही मी हेच बोलायचो, साहेब लोकांना आवडायचं नाही.

दिवसा वीज पाहिजे असेल तर तुमच्या गावचा फीडर सौर कृषी वाहिनी योजनेत घेतला आहे का ते विचारा. गावाजवळच्या सबस्टेशनलाच सोलर जोडतात, त्याला ना नेपाळ लागतं ना ४०० केव्ही.

कोथरूडचा_बंडू

श्रीलंकेला पण समुद्राखालून केबल टाकणार होते ना, मदुराईहून?

रिटायर्ड_सबस्टेशन

बोलणी बऱ्याच वर्षांपासून आहेत, अनुराधापूरपर्यंत, पाल्कच्या सामुद्रधुनीतून. अजून बांधलेली नाही.

अँगल_टॉवर

समुद्रात निदान सातबारा नसते 😂

धुऱ्यावरचा_कास्तकार

हाव, पण माह्या सातबाऱ्याचाच लोचा हाये. बागेचा गट सामाईक हाये, मी, मोठे भाऊ अन् सुरतले राहणारा चुलतभाऊ. तो पाच वर्षांत गावात आला नाही. सही त्याचीही लागते का?

माहेर_मोर्शी

पैसे वाटपाच्या वेळी नाव असलेल्या प्रत्येकाचं विचारतात दादा, आमच्याकडे एका काकांच्या सहीसाठी सगळ्यांचे पैसे अडकून राहिले होते. चुलतभाऊ येऊ शकत नसेल तर त्याच्याकडून संमतीपत्र आताच करून मागवा, भरपाई कोणाच्या खात्यात किती ते त्यात स्पष्ट लिहा, आणि तलाठ्याकडून चालू सातबारा, आठ-अ अन् गटाचा नकाशा काढून ठेवा. फेरफार बाकी असेल तर आधी तो करून घ्या. लाल खुंटीचा फोटो मोबाईलमध्ये तारखेसकट काढा, ती खुंटी हलते कधी कधी.

धुऱ्यावरचा_कास्तकार

फोटो आताच काढून येतो. चुलतभावाले फोन लावला तर म्हणे किती भेटन ते आधी सांग.